'हलक्या' कार्यक्रमांची कैफियत

मध्यंतरी एका वाङ्मयमंडळाच्या बैठकीत नभोवाणी आणि लोकाभिरुची या विषयावर चर्चा निघाली असता आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी असा अभिप्राय दिला की, दुसऱ्या महायुद्धानंतरची दहा-पंधरा वर्षे हे ब्रिटिश नभोवाणीचे सुवर्णयुग होते, कारण त्या काळी बी. बी. सी.ने 'थर्ड प्रोग्रॅम' नावाचे सरस्वतीमंदिर उभारले. बाकी राहिला तो सारा स्वयंपाकघरातल्या बायकांचा आणि कारखान्यातल्या मजुरांचा विरंगुळा. मंडळींनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली, हे कबूल केले पाहिजे. घरी परतल्यावर मात्र ते 'बाकी राहिला' हे शब्द काही केल्या पचेनात. ज्याला 'बाकी' म्हणून हातावेगळे करायचे ते वस्तुतः कोट्यवधी माणसांचे रोजचे ऐकणे होते. आणि ज्याला मंदिर म्हणायचे तिकडे शेकडा एक-दोन श्रोत्यांपलीकडे सहसा कोणी फिरकत नसे. संख्येवरून गुण ठरत नाही हे आम्हांस मान्य आहे. पण संख्या थोडी म्हणून गुण अधिक, हा न्यायही कोणत्या शास्त्रात सांगितलेला आमच्या वाचनात नाही.

आमचा पक्ष प्रथमच मांडून ठेवतो. त्या काळच्या ब्रिटिश नभोवाणीचे मोठे कर्तृत्व तिच्या हलक्या कार्यक्रमांत आहे. लोकांना वर उचलण्याचा तिने जो संकल्प केला तो बव्हंशी फसला. लोकांना हसवण्यासाठी तिने जी मेहनत घेतली ती मात्र फळाला आली.

संकल्प कोणता, हे आधी सांगितले पाहिजे. युद्ध संपल्यावर बी. बी. सी.चे महासंचालक विल्यम हेली यांनी श्रोत्यांची त्रिविध व्यवस्था केली. जुलै १९४५ मध्ये 'लाइट प्रोग्रॅम' सुरू झाला. 'होम सर्व्हिस' १९३९ पासून होतीच. आणि सप्टेंबर १९४६ मध्ये 'थर्ड प्रोग्रॅम'ची स्थापना झाली. हेलीसाहेबांच्या मनात या तिहींचे चित्र एखाद्या पिरॅमिडासारखे होते. रुंद पायथ्याशी नाचगाणी आणि विनोद, मध्ये मध्यम प्रतीचे रंजन आणि माहिती, शिखरावर शुद्ध कला आणि विद्या. आणि श्रोत्याने वर्षानुवर्षे पायरी पायरीने पायथ्याकडून शिखराकडे चढत जावे, अशी योजना. योजना उदात्त होती यात संशय नाही. पण तिच्यात एक गृहीत दडलेले होते ते असे की, पायथा ही राहण्याची जागा नव्हे, केवळ सोडून जाण्याची जागा होय. श्रोत्याने ते गृहीत मानले नाही. तो चढला नाही. तो जेथे होता तेथेच ऐसपैस बसला, आणि त्याच्या बसण्याच्या जागी जे घडले ते पाहण्यासारखे आहे.

१९५० सालच्या हिवाळ्यारंभीचा एखादा कामाचा दिवस घ्या. साखर, मांस आणि मुलांची मिठाई अजून शिधापत्रिकेवर मिळते आहे. घरोघरी एकच यंत्र. त्याचा परवाना वर्षाला एक पौंड. सकाळी नऊच्या सुमारास 'हाउसवाइव्ज् चॉइस' लागतो. नवरा कामावर आणि मुले शाळेत गेल्यावर भांडी विसळणाऱ्या गृहिणीने पोस्टकार्डावर फर्माईश पाठवायची आणि निवेदकाने तिच्या नावानिशी ती तबकडी वाजवायची. यात कला काय, असे आमचे स्नेही विचारतील. आम्ही म्हणतो, कला कदाचित नसेल. पण ज्या बाईचे नाव लग्नपत्रिकेनंतर कधी छापून आले नाही, तिचे नाव तिच्याच आवडीच्या गाण्यासह साऱ्या देशाने ऐकणे, यात एक प्रकारचा सन्मान आहे. आपल्याकडे 'आपली आवड' ऐकताना आपल्या गावाचे नाव आले की घरातली मंडळी कशी कान टवकारीत, हे ज्यांना आठवते त्यांना हे अधिक फोड करून सांगावयास नको.

साडेदहाला 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. हा कार्यक्रम जून १९४० मध्ये, फ्रान्स कोसळत असताना, शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतील कामगारांसाठी निघाला. अर्ध्या तासाचे अखंड वादन; गायन सहसा नाही, लय एकसारखी, आवाजात चढउतार बेताचे, कारण यंत्रांच्या खडखडाटात मंद सूर बुडून जात. एका अमेरिकी गाण्याच्या चालीत श्रोत्यांनी टाळ्या वाजवायच्या जागा होत्या. कामगारांचे हात मोकळे नसल्यामुळे ते त्या जागी हातातले पाने यंत्रावर आपटू लागले, म्हणून ते गाणे या कार्यक्रमातून वर्ज्य झाले. हसू येईल अशीच गोष्ट आहे. पण तिच्यात श्रोत्याकडे दिलेले केवढे लक्ष आहे ते पाहा. आपले संगीत कोणत्या खोलीत, कोणत्या आवाजात आणि हातात काय घेऊन ऐकले जाते याचा इतका विचार करणारे किती कलावंत आपल्याला ठाऊक आहेत?

अकरा वाजता 'मिसेस डेल्स डायरी'चा आदल्या दुपारचा भाग पुन्हा ऐकवतात. लंडनच्या उपनगरातल्या एका डॉक्टराची बायको आपल्या घरची रोजनिशी सांगते: नवऱ्याची काळजी, मुलांच्या अडचणी, शेजारपाजार. विद्वानांनी या बाईची जितकी टर उडवली तितकी क्वचितच कोणाची उडवली असेल. पण जानेवारी १९४८ मध्ये सुरू झालेली ही मालिका १९६९ पर्यंत चालली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत होम सर्व्हिसवर 'वर्कर्स प्लेटाइम' असे, तेही कोठल्या तरी कारखान्याच्या उपाहारगृहातून. युद्धकाळात त्या कारखान्याचे नावही सांगायचे नाही, नुसते 'ब्रिटनमध्ये कोठेतरी'. आणि नामांकित नट-गायकांनी तेलकट डगल्यांतल्या माणसांपुढे येऊन आपली कला दाखवायची. राजवाड्यातील बैठकीइतकीच तयारी उपाहारगृहातील बैठकीसाठी करायची, हा धडा ज्या नभोवाणीने घालून दिला तिला 'हलकी' म्हणताना जीभ थोडी अडखळावी.

पावणेदोनला पाच वर्षांखालच्या मुलांसाठी 'लिसन विथ मदर'. याच वर्षाच्या जानेवारीत तो सुरू झाला. ज्युलिया लँग या निवेदिकेने गोष्ट सांगण्यापूर्वी, संहितेत नसताना, मुलांना सहज विचारले की, नीट बसलात ना? मग मी सुरू करते. तो प्रश्न त्या कार्यक्रमाचा कायमचा उपोद्घात झाला. श्रोता नीट बसला आहे की नाही ही चौकशी आमच्या व्याख्यानपीठांवरून कितीदा होते? दोनला 'वुमन्स अवर'. ऑक्टोबर १९४६ मध्ये स्त्रियांच्या या तासाचा पहिला निवेदक पुरुष होता, हे त्या काळाला धरूनच झाले; परंतु त्याच कार्यक्रमातून पहिल्या दोन-तीन वर्षांतच रजोनिवृत्तीसारख्या विषयावर उघड बोलणे झाले, आणि त्याने संस्थेतलेच वरिष्ठ शरमून गेले. जे दिवाणखान्यात उच्चारता येत नव्हते ते 'हलक्या' लहरीवरून उच्चारले गेले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

संध्याकाळी पावणेसातला 'डिक बार्टन'. पंधरा मिनिटांची हेरकथा. प्रत्येक भागाच्या अखेरीस नायक मृत्यूच्या दाढेत. ऐन भरात श्रोते दीड कोटी. शिक्षक आणि धर्मोपदेशक यांनी मुले बिघडतात अशी ओरड केली तेव्हा लेखकांसाठी नियमांची एक संहिताच तयार झाली: बार्टनने मद्य घेऊ नये, शिवी देऊ नये, गुन्हा करू नये, आणि हाणामारीची वेळ आलीच तर स्वच्छ ठोशापलीकडे जाऊ नये. मार्च १९५१ मध्ये त्याला निरोप मिळाला आणि त्याच्या वेळेवर 'द आर्चर्स' ही खेड्यातील कुटुंबाची कथा आली. तिचा मूळ हेतू शेतकऱ्यांना नव्या शेतीचे ज्ञान देण्याचा होता. आमचे स्नेही येथे टाळी वाजवतील: पाहा, अखेर शिक्षणच जिंकले! पण लोक या मालिकेला चिकटून राहिले ते खतांच्या माहितीसाठी नव्हे. सप्टेंबर १९५५ मध्ये, व्यापारी दूरचित्रवाणीच्या उद्घाटनाच्या रात्री, या मालिकेतील ग्रेस नावाची नवविवाहिता आगीत मरण पावली, आणि देशभर जो शोक झाला तो गोठ्यातल्या घोडीला सोडवायला गेलेल्या एका कल्पित मुलीसाठी होता. शिक्षण हे निमित्त. गुंतवणारी वस्तू कथा.

आणि मग रात्र, म्हणजे विनोदाची वेळ. 'टेक इट फ्रॉम हिअर' हा फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन यांनी लिहिलेला कार्यक्रम १९४८ पासून चालू होता. त्यातील कोट्यांचा झपाटा असा की, शब्द नीट ऐकला नाही तर हसण्याची वेळ टळून जाई. 'एज्युकेटिंग आर्ची' याच वर्षी जूनमध्ये सुरू झालेला. त्याचा नायक लाकडी बाहुला आणि त्याचा धनी शब्दभ्रमकार! ओठ हलताना दिसत नाहीत हेच ज्या कलेचे सारे वैभव, ती कला नभोवाणीवरून दाखवणे याहून मोठा वेडाचार तो कोणता? तरी लोकांनी त्या न दिसणाऱ्या बाहुल्याला खरा मुलगा मानले. यात श्रोत्यांचा बावळटपणा पाहणारे पाहोत. आम्हांला त्यात दिसते ते कल्पनाशक्तीचे सामर्थ्य. नेपथ्य, वेष, चेहरा यांपैकी काहीही नसताना नुसत्या शब्दांनी माणूस उभा करणे हे जर काव्याचे लक्षण असेल, तर ते लक्षण येथे पुरे लागू पडते.

आता पूर्वपक्ष. पहिला आक्षेप असा की, हे सर्व क्षणभंगुर होते. ऐकले, हसले आणि विसरले. यावर आमचे उत्तर असे की, बीज कोठे पडले ते पाहून मग बोला. आर्चीचा मास्तर म्हणून ज्या टोनी हॅनकॉकचे नाव १९५१ नंतर घरोघर झाले, त्याच्यासाठी गॅल्टन आणि सिम्प्सन या दोन तरुणांनी नोव्हेंबर १९५४ पासून अर्ध्या तासाच्या श्रुतिका लिहिल्या. हे दोघे एकमेकांस भेटले ते क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात. त्यांनी मधली गाणी काढून टाकली, सुट्या कोट्या कमी केल्या आणि एक चिडका, बढाईखोर, एकाकी माणूस उभा केला. १९५८ मधील त्यांच्या एका श्रुतिकेत रविवारच्या दुपारी घरात बसून कंटाळण्याखेरीज काहीएक घडत नाही. इंग्रजी मध्यमवर्गाच्या रविवाराचे इतके मर्मभेदक चित्र त्या दशकातल्या फारच थोड्या कादंबऱ्यांत सापडेल.

आणि या रविवाराला इतिहास आहे. बी. बी. सी.चे पहिले महासंचालक जॉन रीथ यांच्या कारकीर्दीत, म्हणजे १९३८ पर्यंत, रविवारी प्रार्थना, प्रवचने आणि गंभीर संगीत यांपलीकडे फारसे काही लावायचे नाही असा शिरस्ता होता. लोकांना काय हवे ते लोकांस कळत नाही, अशी रीथसाहेबांची श्रद्धा होती. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रविवारी यंत्राची कळ फिरवली आणि लक्झेंबर्ग व नॉर्मंडी येथून येणारी नाचगाणी, साबणाच्या जाहिरातींसकट, ऐकण्यास आरंभ केला. हाच प्रयोग पुढे आपल्या देशात झाला. डॉ. बाळकृष्ण केसकर हे पुण्यात जन्मलेले, संगीताचे मर्मज्ञ गृहस्थ १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांनी शास्त्रीय गायकवादकांना राष्ट्रीय कार्यक्रमाचे व्यासपीठ दिले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु चित्रपटसंगीत त्यांनी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले, आणि श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये 'विविध भारती' काढून सरकारला त्यांची मनधरणी करावी लागली. दोन्हीकडचा बोध एकच आहे. माणसाला उपाशी ठेवून त्याची भूक सुधारत नाही. तो शेजारच्या घरी जेवतो.

दुसरा आक्षेप आमच्या बाजूचे म्हणवणाऱ्यांकडून येतो, आणि तो अधिक घातक आहे. हे लोक म्हणतात, तो काळ कसा निर्मळ होता! विनोद सोवळा होता, सारे कुटुंब एकत्र बसून ऐकत असे. या स्मरणरंजनात आम्ही सामील होणार नाही. १९४८-४९ च्या सुमारास बी. बी. सी.च्या विनोदविभागाने लेखकांना एक हिरव्या वेष्टनाची नियमपुस्तिका दिली. शौचकूप, मधुचंद्राची जोडपी, खोल्या झाडणाऱ्या दासी, स्त्रियांची अंतर्वस्त्रे, सशांच्या सवयी इत्यादी विषयांवरचे विनोद तीत निषिद्ध ठरवले होते. ज्यांना अशी यादी करावी लागते त्यांचे श्रोते सोवळे नव्हते हे उघड आहे. शिवाय या विनोदाला जातीचे आणि वर्णाचे डागही होते. मे १९५१ मध्ये सुरू झालेल्या 'गून शो'चा प्रमुख लेखक स्पाइक मिलिगन हा आपल्या अहमदनगरात, आताच्या अहिल्यानगरात, १९१८ साली एका ब्रिटिश सैनिकाच्या घरी जन्मला आणि त्याचे काही बालपण पुण्यात गेले. म्हणून त्याच्या प्रतिभेवर हक्क सांगण्याचे आम्हांस कारण नाही. पण त्याच कार्यक्रमात इंग्रजी बोलण्यात गडबडणाऱ्या दोन हिंदी बाबूंची जी सोंगे आणली जात, त्यांना हसताना आम्हांला आजही थोडे अवघडते, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तेव्हा आमची कैफियत निर्मळपणाची नाही. ती कारागिरीची आहे. क्षुल्लक म्हणून गणलेल्या वस्तूसाठी मोठ्या वस्तूइतकेच कष्ट घेतले गेले, एवढेच आमचे म्हणणे.

याचा एक पुरावा असा आहे की, त्याने आमच्या स्नेह्यांचे सरस्वतीमंदिर आणि आमचा पायथा यांमधील भिंतच पडते. जानेवारी १९५७ मध्ये थर्ड प्रोग्रॅमवर सॅम्युएल बेकेट याची पहिली श्रुतिका झाली. तिच्यासाठी लागणारे अपूर्व ध्वनी घडवण्याच्या खटपटीतून पुढच्याच वर्षी बी. बी. सी.ची 'रेडिओफोनिक' कार्यशाळा उभी राहिली. आणि त्या कार्यशाळेत आरंभीच्या काळात गून शोसाठी काय घडवले गेले? मेजर ब्लडनॉक नावाच्या लष्करी विदूषकाच्या बिघडलेल्या पोटाचा गडगडाट! एकाच भट्टीत देवाची मूर्ती आणि पोरांचे खेळणे ओतले गेले, आणि ओतणाऱ्या हातांनी दोहोंत भेद केला नाही. भेद आम्ही केला, आम्ही पदवीधरांनी.

हा भेद निरुपद्रवी असता तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. पण ज्या वस्तूला समाजातील शहाणे हलकी म्हणतात, ती जपून ठेवण्याचे कोणाला सुचत नाही. युद्धकाळात साऱ्या ब्रिटनला हसवणाऱ्या टॉमी हँडलीच्या 'इट्मा'चे तीनशेंहून अधिक प्रयोग झाले. जानेवारी १९४९ मध्ये तो अकस्मात वारला तेव्हा त्याच्यासाठी लंडनच्या सेंट पॉल्समध्ये स्मरणप्रार्थना झाली. विदूषकासाठी एवढ्या मोठ्या मंदिराचे दरवाजे उघडले. परंतु त्याच्या कार्यक्रमांपैकी आज मूठभरच ध्वनिमुद्रणे हाती आहेत. डिक बार्टनचे सातशेंहून अधिक भाग झाले, त्यांतील मूळ मुद्रणे बोटांवर मोजण्याइतकी. मिसेस डेलच्या एकवीस वर्षांच्या रोजनिशीचीही तीच गत. तबकड्या महाग होत्या, जागा कमी होती, हे खरे. पण काय राखावे आणि काय टाकावे हा निर्णय करणारे हात कोणत्या अभिरुचीत वाढले होते, हेही विसरता येत नाही. दीड कोटी माणसांनी श्वास रोखून जे ऐकले, ते त्यांच्या नातवंडांना ऐकता येत नाही. एवढ्या मोठ्या जनसमूहाचे हसणे हवेत विरून जावे आणि कोणाला हळहळ वाटू नये, ही आमच्या अभिरुचीची करणी आहे.

आणि यात आम्ही स्वतःला वगळत नाही. गेली पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो. युद्धोत्तर काळावर बोलताना डिलन टॉमसची १९५४ मधील श्रुतिका आम्ही दरसाल शिकवली आणि ती थर्ड प्रोग्रॅमवर झाली हे आवर्जून सांगितले. म्यूर आणि नॉर्डन, गॅल्टन आणि सिम्प्सन ही नावे मात्र एकदाही आमच्या तोंडून वर्गात निघाली नाहीत. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले की, सर, त्या काळी सामान्य लोक काय ऐकत? आम्ही 'काहीतरी करमणूक' असे उत्तर देऊन पान उलटले. आज त्या उत्तराची आम्हांला लाज वाटते, आणि ते उत्तर व आमच्या स्नेह्यांचा तो 'बाकी राहिला' यांत फारसे अंतर नाही हेही कळते.

हेलीसाहेबांचा पिरॅमिड आता उरला नाही. लाइट प्रोग्रॅमचे नाव १९६७ मध्ये गेले, थर्डचे १९७० मध्ये. पण त्या जुन्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेतले दोन कार्यक्रम, दुपारचा स्त्रियांचा तास आणि बार्टनच्या जागी आलेली ती खेड्यातली गोष्ट, अद्याप चालू आहेत. दोन्ही पायथ्याचे आहेत. पुढल्या सत्रात आम्ही वर्गात टॉमसच्या श्रुतिकेबरोबर हॅनकॉकचा तो कंटाळवाणा रविवारही ऐकवणार आहोत. विद्यार्थी नीट बसले आहेत ना, एवढे आधी विचारून घेऊ.